महासमन्वय कोणाचा?

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे भक्तांनी केले आहे, काही संशोधकांनी. भक्ताला शिलालेखांचे सोयरसुतक नसते आणि संशोधकाला दंतकथांचा संकोच वाटतो. ग. ह. खरे यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकाराने पंढरपूरची साधने तपासून एक पाया घातला होता. परंतु कथा हीच एक प्रकारची कागदपत्रे आहेत, असे मानून त्या कथांची उलटतपासणी करण्याचे काम डॉ. रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांनी केले. त्यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि २०११ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. एवढा काळ लोटल्यावर त्या ग्रंथाकडे पुन्हा वळायचे कारण त्याच्या शीर्षकातील शेवटच्या शब्दात आहे.

प्रथम कथा पाहू. द्वारकेत राधेला श्रीकृष्णाजवळ बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधीत श्रीकृष्ण गोपवेष घेऊन, गाई-गोपाळांसह भीमातीरी आला. जवळच पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत मग्न होता. देव दारी आला तरी तो उठला नाही. त्याने एक वीट मागे भिरकावली आणि देव त्या विटेवर उभा राहिला. संस्कृतातील पांडुरंगमाहात्म्यांनी आणि पुढे मराठी कवींनी ही कथा घोळून घोळून सांगितली आहे.

भाविक मनाला या कथेत मातृपितृभक्तीचा महिमा दिसतो. ढेरे यांना तिच्यात सांधे दिसतात. द्वारकेचा राजा झालेल्या कृष्णाला रुसलेल्या पत्नीच्या शोधात पुन्हा गवळ्याचा वेष का घ्यावा लागला? रुक्मिणी देवाच्या शेजारी नसून तिचे मंदिर वेगळे का? व्यंकटेशाच्या कथेतही लक्ष्मी रुसून कोल्हापुरी जाते आणि विष्णू वैकुंठ सोडून डोंगरावर येतो, हे साम्य कशाचे? आणि ज्याच्यासाठी देव वैष्णव रूपात तिष्ठत उभा आहे, त्या पुंडलिकाच्या नदीपात्रातील समाधीत शिवलिंग का? या प्रश्नांचा मागोवा घेत ढेरे दक्षिणेतील गवळी-धनगरांच्या देवापर्यंत पोचतात. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव जोडीने नांदतात; धनगर तेथे भंडारा उधळतात. रानावनातील या पशुपालकांच्या देवाला राजांचा आश्रय आणि पंडितांची माहात्म्ये लाभली, त्याला कृष्णाचे चरित्र जोडले गेले आणि स्थानिक देवीची रुक्मिणी झाली. पुंडरीकेश्वर या शिवस्थानाचा भक्त पुंडलिक झाला. ज्ञानदेवांनीच ज्याला कानडा म्हटले, त्या देवाचे पूर्वचरित्र अशा रीतीने उलगडत जाते.

शिलालेखांची साक्षही या क्रमाशी जुळणारी आहे. ११८९ चा यादवकालीन लेख एका लहानशा देवळाची खूण देतो. १२३७ मध्ये होयसळ राजा सोमेश्वर याने विठ्ठलाच्या भोगासाठी गाव दिल्याचा लेख मंदिराच्या तुळईवर कोरलेला आहे. १२७३ ते १२७७ या काळातील 'चौऱ्यांशीचा शिलालेख' तर दात्यांची यादीच आहे, आणि तीत रामदेवराव यादवाचे नाव आहे. सुमारे नव्वद वर्षांत लहान देवळाचे राजमान्य क्षेत्र झाले. ज्ञानदेव-नामदेवांचा उदय याच सुमारास झाला, ही गोष्ट विसरता येत नाही.

ढेरे यांच्या पद्धतीत दोषही आहेत. साम्यावरून संबंध आणि संबंधावरून उगम, अशी उडी ते कधीकधी फार लवकर घेतात. पुराव्यांची रास एवढी मोठी होते की, त्यातील कोणता पुरावा भार पेलतो आणि कोणता नुसता शोभेचा आहे हे वाचकाला उमगत नाही. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी मूर्ती माढ्याला हलविली गेल्याची परंपरा आहे. मूर्तीच्या वक्षःस्थळी मंत्राक्षरे असल्याच्या पुराणोक्त वर्णनावरून, माढ्याचीच मूर्ती आद्य होय असे ढेरे प्रतिपादतात. त्यावर मोठी खळबळ माजली. परंतु हा वाद मला दुय्यम वाटतो. माढ्याची मूर्ती आद्य ठरली म्हणून वारकऱ्याचे पाऊल माढ्याकडे वळले नाही, आणि ती तशी ठरली नसती तरी ढेरे यांच्या मुख्य सिद्धान्ताला बाध येत नव्हता.

माझा आक्षेप आहे तो 'समन्वय' या शब्दाला. समन्वय म्हटले की सर्वांनी आपापले काही आणले आणि सर्वांना काही मिळाले, असा प्रसन्न अर्थ मनात येतो. देवतांच्या बाबतीत तो खराही आहे. शिव आणि विष्णू, कन्नड आणि मराठी, रान आणि राजधानी ही सर्व या एका मूर्तीत सुखाने नांदली. पण ज्यांचे हे देव होते त्या माणसांचे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर स्थलमाहात्म्यात मिळत नाही. ते भक्तकथांत मिळते. महिपतीच्या 'भक्तविजया'सारख्या ग्रंथांनी घरोघरी पोचविलेली चोखामेळ्याची कथा आठवावी. चोखोबाला देवळात प्रवेश नाही, म्हणून देवच त्याचा हात धरून त्याला रात्री आत नेतो. सकाळी पुजाऱ्यांना हे कळते आणि चोखोबाची रवानगी चंद्रभागेपलीकडे होते. मग देव नदी ओलांडून त्याच्याकडे जेवायला जातो. वाढताना पत्नीच्या हातून दही सांडते. देवाचा पीतांबर भिजला, असे चोखोबा म्हणतो आणि ते ऐकणारा पुजारी त्याच्या थोबाडीत मारतो. तो पुजारी देवळात येऊन पाहतो तर मूर्तीचा पीतांबर दह्याने भिजलेला आणि देवाचा गाल सुजलेला!

ही कथा रचणाऱ्याने देवाच्या बाजूने काय सांगायचे ते सांगून टाकले आहे. परंतु एक गोष्ट त्यालाही सांगता आलेली नाही: चोखोबा उजळ माथ्याने महाद्वारातून आत गेला, असा शेवट त्या कथेला नाही. देव बाहेर येतो; भक्त आत जात नाही. दंतकथा चमत्कारांच्या बाबतीत कधी कंजूषपणा करीत नाही, पण येथे तिची कल्पनाशक्तीही समाजाच्या उंबऱ्यावर अडखळली आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबाचा अंत झाला. परंपरा सांगते की, नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरीला आणल्या. त्याची समाधी बांधली गेली तीही महाद्वारासमोर, बाहेरच.

त्या द्वारातून अस्पृश्यांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे मंदिर खुले झाले. सोमेश्वराच्या शिलालेखापासून मोजले तर सातशे दहा वर्षे होतात. गाभाऱ्यात देवांचा समन्वय तेराव्या शतकातच झाला होता. दारातल्या माणसांच्या समन्वयाला विसावे शतक उजाडावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने गेले, पण तो वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये संपला. त्यानंतर पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले गेले. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे, पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच होय असे सांगितले. इतिहास म्हणून त्या विधानाची चिकित्सा होऊ शकेल. पण ज्याला दाराबाहेर ठेवले त्याने देवाच्या मूळ ओळखीवरच हक्क सांगावा, हे ऐकून घेतल्याविना पंढरीचा इतिहास पुरा होत नाही.

येथे आणखी दोन पुस्तकांची आठवण होते. गी देल्युरी या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूने पालखीबरोबर पायी वारी केली आणि १९६० मध्ये विठोबाच्या संप्रदायावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. ढेरे देवाकडून माणसांकडे येतात. देल्युरी वारकऱ्यांच्या पावलांवरून देवाकडे जातात. परधर्मातील अभ्यासकाने शेजाऱ्याच्या श्रद्धेकडे कसे पाहावे, याचा तो उत्तम धडा आहे. इरावती कर्वे यांनी मात्र 'वाटचाल' या लेखात वारीतल्या आनंदाबरोबर तिच्यातील खंतही नोंदविली: त्यांच्या दिंडीत भजन एकत्र होई, पण ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत. एका ओळीत गाणारी माणसे एका पंक्तीत बसत नव्हती. 'समन्वय' हा शब्द उच्चारताना ही पंगत डोळ्यांपुढे असावी.

याचा अर्थ ढेरे यांचा ग्रंथ कमी मोलाचा आहे असा नव्हे. धनगराच्या देवाला त्याचे हरवलेले घर त्यांनी परत मिळवून दिले, आणि जी कथा आपण केवळ ऐकत होतो ती वाचायला शिकविले. त्यांच्याच पद्धतीने चोखोबाची कथा वाचली तर त्यांच्या शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह उभे राहते, आणि तेही त्या पद्धतीचेच श्रेय आहे. मूळ पुरुष कोण, मूळ मूर्ती कोणती, या चौकशीत विद्वानांनी अवश्य शिरावे. पण कोणत्याही देवळाचा इतिहास लिहिताना, तसाच आपल्या चर्चचाही इतिहास लिहिताना, दाराबाहेर कोण उभे होते आणि किती काळ उभे होते, हे विचारल्याशिवाय तो इतिहास संपवू नये. विटेवरचा देव युगे अठ्ठावीस उभा आहे अशी श्रद्धा आहे. तो ज्याची वाट पाहत होता, तो कदाचित समोरच्याच पायरीखाली असेल.