अवतार की इतिहास? : मराठी ख्रिस्तकाव्य आणि मद्रासचा ख्रिस्तविचार

ख्रिस्ती धर्मश्रद्धेत येशूचे स्थान हे धर्मसंस्थापकाचे स्थान नव्हे. संस्थापकाने सांगितलेला मार्ग त्याच्या नावाशिवायही आचरता येतो. बुद्धाचा अष्टांगमार्ग बुद्धचरित्राचा तपशील बाजूस ठेवून समजावून देता येतो. ख्रिस्ती श्रद्धेत अशी फारकत संभवत नाही. तेथे उपदेशक आणि उपदेश एकच आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ अनादी शब्दापासून होतो आणि तोच शब्द देहधारी झाल्याचे त्या अध्यायात पुढे सांगितले आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित येशू अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांना मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंतचे लेखन आपल्याच संबंधात कसे आहे हे उलगडून दाखवतो. ख्रिस्ती वाचनपरंपरेचे बीज या प्रसंगात आहे. जुना करार हा नव्या कराराची पूर्वतयारी आणि नवा करार ही जुन्याची पूर्ती, असा जो संबंध ख्रिस्ती मंडळी मानते, त्याचा सांधा एका व्यक्तीत आहे.

या श्रद्धेचे दुसरे अंग तितकेच महत्त्वाचे आहे. प्राचीन प्रेषितीय मतांगिकारात येशूखेरीज दोनच मानवी नावे येतात : एक मरियेचे आणि दुसरे पंतय पिलाताचे. रोमन साम्राज्याच्या एका सामान्य सुभेदाराचे नाव उपासनेच्या वाक्यात कायमचे बसले, याचा अर्थ असा की, ज्या घटनेवर श्रद्धा आहे ती विशिष्ट काळी, विशिष्ट सत्तेखाली, एकदाच घडली. ‘एकदाच’ या कल्पनेवर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा विशेष भर आहे. ख्रिस्ताचे केंद्रस्थान असे दुहेरी आहे. तो अनादी शब्द आहे आणि वधस्तंभावर मारला गेलेला नासरेथकरही आहे. इ. स. ३२५ च्या नायसियापासून ४५१ च्या खाल्केदोनपर्यंतच्या धर्मसभांनी या दोहोंपैकी एकही बाजू सुटू न देणारी परिभाषा घडवली. ती ग्रीक भाषेत घडली. आणि भारतीय भाषांचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. ज्या भाषेत देवाचे देह धारण करणे ही कल्पना मुळातच परिचयाची आहे, त्या भाषेत ‘एकदाच’ कसे म्हणावयाचे?

या प्रश्नाला मराठीने काव्यातून आणि मद्रासने विचारातून दिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

मराठीचा आरंभ सतराव्या शतकाच्या प्रारंभी होतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मधील मृत्यूपर्यंत तेथेच, मुख्यतः साष्टी प्रांतात, राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण आणि दुसरे पुराण असे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा येते, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र.

धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी स्टीफन्सने कोकणीत रचली, कोकणीचे व्याकरणही लिहिले. पुराणासाठी मात्र त्याने मराठी निवडली. या निवडीत त्याची वाङ्मयीन जाण दिसते. प्रश्नोत्तरी पाठ करावयाची असते, पुराण ऐकावयाचे असते. आणि त्या प्रदेशात पुराणश्रवणाची भाषा मराठी होती. नवख्रिस्ती श्रोत्यांचे जुने ग्रंथ त्यांच्यापासून दूर केले गेले होते. ती पोकळी निषेधाने भरून निघणारी नव्हती. तेथे तशीच ओवी, तसाच श्रोता-वक्ता संवाद आणि तसाच कथाविस्तार हवा, हे स्टीफन्सने ओळखले. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास तो कचरला नाही. शब्द जुना ठेवावा आणि त्यात कोण बसला आहे ते बदलावे, ही त्याची रीत.

पण पुराण हा रचनाप्रकार स्वतःचा अर्थ घेऊन येतो. पुराणात देवाच्या लीला अनेक असतात, कालचक्र फिरत असते, एक आख्यान दुसऱ्याच्या पोटातून निघते आणि श्रवणाचे फळ श्रवणातच असते. शुभवर्तमानाची चाल अगदी वेगळी. मार्काच्या शुभवर्तमानाचा मोठा भाग एका आठवड्याने व्यापला आहे. सगळी कथा एका मृत्यूकडे धाव घेते. स्टीफन्सने हा ताण रचनेतून सोडवला. पहिल्या पुराणाला त्याने स्वतंत्र कथासंग्रह होऊ दिले नाही. आदामाच्या पतनापासून मुक्तीचे वचन सुरू होते आणि दुसरे पुराण त्या वचनाची फेड करते. अशा रीतीने चक्राकार रचनाप्रकारात त्याने सरळ रेषा बसवली. अम्माऊसच्या वाटेवर येशूने दिलेला धडाच साष्टीच्या श्रोत्यांसाठी ओवीबद्ध झाला, असे म्हणता येईल.

मराठी वाङ्मयेतिहासाने या ग्रंथाचा जो स्वीकार केला, त्यात मात्र एक विसंगती आहे. ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठी भाषेची स्तुती पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून वारंवार उद्धृत होते. स्तुतीपुरता स्टीफन्स आपला आणि उरलेल्या हजारो ओव्यांपुरता परका, अशी ही विभागणी आहे. वस्तुतः ती स्तुती हा प्रस्तावनेचा भाग आहे. ज्या कथेसाठी ही भाषा योग्य ठरवली, ती कथा वाचल्याखेरीज स्तुतीचे प्रयोजन कळत नाही. ज्ञानेश्वरांचे मराठीविषयीचे उद्गार गीतार्थापासून तोडून वाचण्यासारखेच हे आहे. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी रोमन लिपीतील आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. साधने उपलब्ध आहेत. उणीव आहे ती ग्रंथाच्या गाभ्याकडे वळण्याची.

स्टीफन्सनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक याच प्रश्नाशी उलट दिशेने येतात. स्टीफन्स बाहेरून मराठीत आला. टिळक मराठी काव्यपरंपरेत वाढून ख्रिस्ताकडे गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती आणि त्यांच्या अभंगांतून तिचा प्रत्यय येतो. ख्रिस्ताला त्यांनी गुरुमाउली मानले. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या आणि ज्ञानेश्वरांनाही माउली म्हणणाऱ्या भाषेत हे संबोधन इतके सहज बसते की, ते धर्मशास्त्रदृष्ट्या केवढे मोठे पाऊल आहे हे लक्षातही येत नाही. खाल्केदोनच्या परिभाषेतील दोन स्वभाव आणि एक व्यक्ती यांची चर्चा येथे नाही. येथे हाक आहे आणि हाकेला ओ आहे. मात्र ही सहजता एक किंमत मागते. अभंगात नाते केंद्रस्थानी येते. पिलात, यरुशलेम, खिळे आणि रिकामी कबर मागे सरतात. भक्ताचा ख्रिस्त जवळ येतो आणि इतिहासातला येशू पुसट होऊ लागतो.

ही उणीव टिळकांना जाणवली असावी, असे मानण्यास ‘ख्रिस्तायना’चा उपक्रम हेच कारण पुरेसे आहे. भावगीतात आणि अभंगात रमलेला हा कवी उत्तरायुष्यात दीर्घ चरित्रकाव्याकडे वळला. नाव रामायणाची आठवण देणारे. पण ‘अयन’ म्हणजे वाट, आणि वाटेला आरंभ, टप्पे व शेवट असतो. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले तेव्हा दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. मराठी वाचक लक्ष्मीबाईंना ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका म्हणून ओळखतो, ज्या काव्याचा फार मोठा भाग त्यांचा आहे, ते काव्य मात्र टिळकांच्या नावाखाली अर्धवट विस्मरणात गेले आहे. शालेय शिक्षण नसलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या एका स्त्रीने येशूचे चरित्र मराठीत पूर्णत्वास नेले, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात तळटीपेपेक्षा मोठ्या जागेस पात्र आहे.

याच दशकांत हा प्रश्न मद्रासमध्ये वेगळ्या भाषेत विचारला जात होता. मद्रासचे जॉर्ज टाउन, म्हणजे पूर्वीचे ब्लॅक टाउन, ही किल्ल्याबाहेरची व्यापारी वस्ती. तंबू चेट्टी रस्त्यावरच्या काळिकांबाळ मंदिरात १६७७ मध्ये शिवाजी महाराज दर्शनाला आल्याची परंपरा सांगितली जाते. जवळच्याच आर्मेनियन रस्त्यावर आर्मेनियन चर्च आहे आणि कॅथलिकांचे सेंट मेरी को-कॅथीड्रलही आहे. याच जॉर्ज टाउनमध्ये स्कॉटिश मिशनच्या जॉन अँडरसन यांनी १८३७ मध्ये शाळा काढली. तिचेच पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेज झाले आणि १९३७ मध्ये तांबरमला जाईपर्यंत ते तेथेच राहिले. प्राचार्य विल्यम मिलर यांचा भर धर्मांतरापेक्षा विचारप्रसारावर होता. हिंदू विद्यार्थ्यांच्या मनात ख्रिस्ताची जाण खमिरासारखी मुरावी, हे त्यांचे धोरण.

या कॉलेजातून व्ही. चक्करै आणि पी. चेंचय्या हे दोन विचारवंत पुढे आले. दोघेही हिंदू घरांतले, दोघेही कायद्याच्या क्षेत्रातले. व्यवसायाने धर्मोपदेशक एकही नव्हे. चक्करै यांनी १९०३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे ते कामगार चळवळीत शिरले आणि मद्रासचे महापौरही झाले. त्यांचा ‘जीझस द अवतार’ हा इंग्रजी ग्रंथ १९२६ चा. ज्या शब्दाला मिशनरी बिचकत, तोच शब्द त्यांनी शीर्षकात घेतला. पण त्याचा अर्थ आमूलाग्र पालटून. गीतेच्या चौथ्या अध्यायातील आश्वासन युगायुगांतील अवतरणाचे आहे. कार्य संपले की अवतारही संपतो. चक्करै यांच्या मते ख्रिस्ताचा अवतार संपतच नाही. मानवत्व हे त्याने घालून टाकून दिलेले वस्त्र नव्हे. पुनरुत्थानानंतरही ते त्याचेच राहते आणि पवित्र आत्म्याच्या रूपाने तो श्रद्धावंतांत कार्य करीत राहतो. अवताराचे वारंवारपण नाकारून त्यांनी त्याचे नित्यत्व प्रतिपादले. ‘एकदाच’ या कल्पनेला भारतीय शब्दात बसवण्याचा हा फार सूक्ष्म प्रयत्न आहे.

चेंचय्यांना अवतारकल्पनाही अपुरी वाटली. येशू म्हणजे नव्या सृष्टीचा पहिला मनुष्य. मानवजातीच्या वाटचालीत त्याच्यासह काहीतरी सर्वस्वी नवे सुरू झाले, अशी त्यांची मांडणी. संस्थाबद्ध चर्चविषयी ते साशंक होते. १९३८ च्या डिसेंबरात तांबरम येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. त्या निमित्ताने हेंड्रिक क्रेमर यांनी इतर धर्मांशी ख्रिस्ती संदेशाचे सातत्य नाकारणारा ग्रंथ लिहिला होता. त्याच वर्षी मद्रासच्या या गटाने ‘रीथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’ हा संग्रह प्रसिद्ध करून भारतीय वारशाशी असलेला संवाद सोडण्यास नकार दिला. ‘ख्रिस्तायन’ ज्या वर्षी बाहेर पडले तेच हे वर्ष. दोन्ही ग्रंथांचा परस्परांशी संबंध नाही. पण एकच प्रश्न एका वर्षी काव्यात आणि विचारात उत्तर शोधीत होता, हा योग लक्षणीय आहे.

दोहोंची तुलना करता मद्रासची बाजू तर्कशुद्ध ठरते. चक्करै यांनी जो भेद नेमका सांगितला, तो टिळकांच्या अभंगात न सांगता राहतो. तथापि मद्रासचा विचार इंग्रजीत झाला. तो महाविद्यालये, धर्मशास्त्राची विद्यालये आणि परिषदा यांत फिरला. देवळात वा चर्चमध्ये गाता येईल असे त्यातून काही निघाले नाही. उलट टिळकांची पदे उपासनेत गायली गेली. कल्पना नेमकी असणे आणि ती भाषेच्या अंगात मुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मद्रासने साधली, दुसरी मराठीने.

या दोन टोकांमध्ये पंडिता रमाबाईंचे काम येते. संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या नव्या कराराचे प्रकाशन १९१३ मध्ये झाले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले. संस्कृतप्रचुर, पूर्वसंस्कारांनी भारलेले शब्द टाळून साध्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यांनी हेतुपुरस्सर वापरली. स्टीफन्सने ‘वैकुंठ’ घेतले, टिळकांनी ‘माउली’ घेतली, चक्करै यांनी ‘अवतार’ घेतला. रमाबाईंनी असे घेणेच नाकारले. ते शब्द कोठून येतात आणि स्त्रियांच्या वाट्याला काय घेऊन येतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ताचे वेगळेपण शब्दाच्या निवडीतच राखावयास हवे होते. त्यांची भाषा वाङ्मयीन गोडव्यात कमी पडते. पण सावधगिरीत ती सर्वांच्या पुढे आहे.

पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्या निवडीभोवती उठलेल्या वादाने एवढे दाखवून दिले की, चारशे वर्षांनंतरही मराठीतला ख्रिस्त हा काहींना पाहुणाच वाटतो. या समजुतीला उत्तर ग्रंथांतच आहे. पुराण, अभंग, चरित्रकाव्य आणि गद्य अनुवाद या मराठीच्या चारही मळलेल्या वाटांनी ही कथा चालून गेली आहे आणि प्रत्येक वाटेने तिचे एकेक अंग उजळले, एकेक झाकले. ओवीने क्रम दिला, अभंगाने जवळीक दिली, चरित्रकाव्याने वाट पुरी केली, अनुवादाने शब्दांचा हिशेब ठेवला. ज्या श्रद्धेचे केंद्र एक व्यक्ती आहे, तिला एकच रचनाप्रकार पुरत नाही. मुळातही तिला चार शुभवर्तमाने लागली. अभ्यासकाने भाषास्तुतीच्या ओव्यांपाशी न थांबता त्या ज्या कथेच्या दारात उभ्या आहेत तिच्या आत जावे. म्हणजे मराठी वाङ्मयाचे हे दालन परक्याचे नव्हते, हे त्याला आपोआप कळेल.