गीतांच्या जन्मकथा आणि रसिकाचे ऋण

एखादे गीत मनास भिडले म्हणजे ते कसे सुचले, कोणास उद्देशून रचले, रचणाऱ्याच्या आयुष्यात त्या वेळी काय चालले होते, हे विचारल्यावाचून रसिकाचे समाधान होत नाही. आपल्या संतांच्या अभंगांभोवती आख्यायिकांचा केवढा संभार जमला आहे, हे वाचकांस सांगावयास नकोच. परंतु असल्या कथा केवळ भाविकतेतूनच निपजतात असे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत ‘पॉप’ आणि ‘रॉक’ या नावांनी जे लोकप्रिय संगीत उदयास आले, त्यातील अनेक गाजलेल्या गीतांमागे एकेक जन्मकथा सांगितली जाते. आणि ती जितकी अनपेक्षित, तितकी ती श्रोत्यांस प्रिय होते. या कथा मनोरंजक आहेत यात शंका नाही. प्रश्न इतकाच की, गीताची पारख करताना त्यांचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही? तो सोडविण्यासाठी चार सुप्रसिद्ध गीतांच्या कथा येथे तपासून पाहण्याचे योजिले आहे.

पहिले गीत ‘बीटल्स’ या इंग्रज वादकमंडळाचे ‘यस्टरडे’. लंडनमधील विम्पोल स्ट्रीटवरील एका घरात राहत असताना पॉल मॅकार्टनी एके सकाळी जागे झाले, ते एक सबंध चाल मनात घेऊनच. ती आपल्याला स्वप्नात ऐकू आली असे त्यांस वाटले व त्यांनी लागलीच पियानोवर ती वाजवून पाहिली. चाल इतकी अनायासे आली होती, की ती आपली नसून कोठेतरी ऐकलेली असावी अशी शंका त्यांस आली. आणि पुढे कित्येक दिवस भेटेल त्या जाणकारास ती ऐकवून ती कोणाची आहे असे ते विचारीत राहिले. शब्द तर नव्हतेच. चाल विसरू नये म्हणून न्याहारीच्या अंड्यांविषयीचे काही थट्टेचे शब्द तात्पुरते तीवर बसविलेले होते. खरे शब्द १९६५ च्या मे महिन्यात पोर्तुगालमधील प्रवासात जुळले आणि १४ जून १९६५ रोजी गीताचे ध्वनिमुद्रण झाले.

हे गीत गतकाळासाठी झुरणाऱ्या मनाचे आहे. मॅकार्टनी यांच्या मातुःश्री १९५६ साली वारल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. आपल्या नकळत तेच दुःख या गीतात उतरले असावे, असे त्यांनी बऱ्याच वर्षांनंतर बोलून दाखविले. ते खरेही असेल. पण घटनाक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी चाल, मग थट्टा, मग विरहाचे शब्द आणि सर्वांच्या शेवटी त्या विरहाचे कारण! कारण हाच जर गीताचा अर्थ मानला, तर ते गीत कित्येक वर्षे प्रत्यक्ष कर्त्यालाही अर्थशून्य होते असे म्हणण्याची पाळी येईल. वस्तुतः कर्ता येथे आपल्याच गीताचा एक श्रोता होऊन त्याचा अर्थ लावीत आहे. ते अर्थ लावणे हृद्य आहे, परंतु अखेर ते अर्थ लावणेच होय.

दुसरे गीत ‘द पोलिस’ या मंडळाचे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’. ते स्टिंग यांनी १९८२ साली जमेका बेटावर लिहिले. जेथे इयान फ्लेमिंग यांनी जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्याच ‘गोल्डनआय’ नावाच्या घरी ते उतरले होते, आणि त्या सुमारास त्यांचा पहिला विवाह मोडकळीस आला होता. १९८३ साली हे गीत प्रसिद्ध झाले व अमेरिकेतील विक्रीच्या यादीत आठ आठवडे अग्रस्थानी राहिले. लोकांनी ते एकनिष्ठ प्रेमाची ग्वाही म्हणून डोक्यावर घेतले; लग्नसमारंभांतही ते वाजविले जाऊ लागले. स्टिंग मात्र वारंवार सांगत आले, की हे गीत प्रेमाचे नसून मत्सराचे आहे. त्यातील प्रियकर प्रेयसीची राखण करीत नाही, तिच्यावर पाळत ठेवतो.

आता खरे कोणाचे मानावे? आमच्या मते कर्त्याचे म्हणणे येथे अधिक सयुक्तिक आहे. परंतु ते त्याचे आहे म्हणून नव्हे, तर गीताच्या शब्दांत त्यास पुरेपूर आधार आहे म्हणून. त्याचबरोबर श्रोत्यांची समजूत निव्वळ अडाणीपणाची होती असेही म्हणता येत नाही. चाल शांत आहे, ठेका संथ आहे आणि गिटारीचे आवर्तन एखाद्या अंगाईसारखे अखंड फिरत राहते. त्या मार्दवाआड धमकी दडलेली आहे. धाकही प्रेमाचीच भाषा बोलतो, हा अनुभव या गीताने जसाच्या तसा उभा केला. आणि श्रोते त्या भाषेस भुलले, यातच त्याचे यश आहे. हे सारे गीत लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास जमेकाच्या कथेवाचूनही कळण्याजोगे होते.

तिसऱ्या गीताचा कर्ता आपल्या प्रांतास अगदीच परका नाही. झांझिबारात एका पारशी कुटुंबात १९४६ साली जन्मलेला फारूख बलसारा शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. पियानोचे धडे त्याने तेथे गिरविले आणि सोबत्यांबरोबर पहिले वादकमंडळही तेथेच काढले. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगास माहीत झाला. ‘क्वीन’ या मंडळासाठी त्यांनी रचलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ साली बाहेर पडले. त्याची लांबी जवळजवळ सहा मिनिटे. त्यास ध्रुपद नाही. आरंभी शोकगीत, मध्ये इटालियन संगीतनाटकाची नक्कल आणि मग रॉकचा कल्लोळ, असा त्याचा विलक्षण घाट आहे. मधल्या भागातील समूहगायन अवघ्या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक चढवून सिद्ध केलेले आहे. इतके लांबलचक गीत रेडिओवर कोण वाजविणार, ही व्यापारी मंडळींची शंका होती. ती फोल ठरून इंग्लंडात ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि १९९१ च्या अखेरीस मर्क्युरी यांच्या निधनानंतर पुन्हा त्याच स्थानी पोहोचले.

या गीतातील खुनाची कबुली कशाची? कोणी त्यात काम्यूच्या कादंबरीची छाया पाहतात, कोणी फाउस्टची कथा पाहतात, तर कोणी कर्त्याच्या झाकलेल्या खासगी जीवनाची ती कबुली मानतात. मर्क्युरी यांनी या प्रश्नाचे उत्तर देण्याचे शेवटपर्यंत टाळले. अर्थ ज्याचा त्याने लावावा, असेच त्यांचे धोरण होते. जन्मकथा नाकारल्याने गीताचे काहीही उणे झाले नाही. उलट ज्याला आपल्या हातून घडलेल्या, भरून न येणाऱ्या कृत्याची टोचणी ठाऊक आहे, त्या प्रत्येकाला ते आपलेसे वाटत राहिले.

येथवर आल्यावर वाचक म्हणतील, मग या कथा टाकूनच का देऊ नयेत? कृती पाहावी, कर्ता पाहू नये, हा पक्ष आपल्याकडेही अनेक विचारवंतांनी मांडला आहे आणि वरील तीन उदाहरणे त्याच्या बाजूनेच साक्ष देतात. परंतु चौथ्या गीतापाशी हा पक्ष लंगडा पडतो.

‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे गीत ‘टोकन्स’ या अमेरिकन मंडळाने गायिले व १९६१ च्या डिसेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातील ती उंच, आळवणारी चाल ‘द लायन किंग’ या १९९४ च्या चित्रपटाने जगभरच्या मुलांच्या तोंडी बसविली. ही चाल दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाची. जोहान्सबर्गमध्ये गॅलो या ध्वनिमुद्रण कंपनीत तबकड्या बांधण्याचे काम करीत असता १९३९ साली त्यांनी आपल्या ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ या गायकवृंदासह ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्या मुद्रणाच्या शेवटाकडे लिंडा यांनी आयत्या वेळी आपल्या उंच आवाजात जी तान घेतली, तीच पुढे जगप्रसिद्ध झाली. ते गीत आफ्रिकेत इतके गाजले, की तेथील समूहगायनाच्या एका पद्धतीस ‘म्बुबे’ हेच नाव पडले.

ती तबकडी अमेरिकेत पीट सीगर यांच्या हाती आली. त्यांनी ती ऐकून गीत उतरवून घेतले. झुलू शब्द ऐकण्यात चूक होऊन त्याचे ‘विमोवे’ झाले आणि त्या नावाने त्यांच्या ‘वीव्हर्स’ मंडळाने ते लोकप्रिय केले. त्या तबकडीवर कर्ता म्हणून नाव होते ‘पॉल कॅम्बेल’ असे. वास्तविक या नावाचा मनुष्यच नव्हता, ते त्या मंडळींनी घेतलेले टोपणनाव होते. पुढे १९६१ मध्ये इंग्रजी शब्द बसविणाऱ्यांची नावे आली. लिंडा यांचे नाव कोठेच नव्हते. त्यांनी आपले हक्क १९५२ साली कंपनीस दहा शिलिंगांना विकल्याचे सांगतात. सीगर यांनी त्यांस एक हजार डॉलर पाठविण्याची व्यवस्था केली होती. परंतु अशा दातृत्वाने हक्काची भरपाई होत नसते. १९६२ साली लिंडा दारिद्र्यात वारले आणि त्यांची कबर पुढे कित्येक वर्षे शिळेवाचून राहिली.

२००० साली रायन मलान या दक्षिण आफ्रिकी लेखकाने ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात हा सारा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि तेव्हा या जन्मकथेने कथेपलीकडचे काम केले. १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कायद्यात एक कलम होते. रचनाकाराने आपले हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत यावेत, असा त्याचा आशय. हिंदुस्थानातील १९१४ चा कायदाही याच १९११ च्या कायद्यावर बेतलेला होता. या कलमाच्या आधारे २००४ साली लिंडा यांच्या वारसांच्या वतीने दावा दाखल झाला आणि २००६ साली तडजोड होऊन त्यांच्या मुलींस मागील व पुढील उत्पन्नातील वाटा मान्य करण्यात आला.

येथे जन्मकथा केवळ शोभेची नाही. ती काढून टाकली, तर गीत तसेच गोड राहील. पण एका मनुष्यावरील अन्याय कायम होईल. जात्यावरची ओवी खरोखरच पिढ्यान्‌पिढ्यांतील अनेकींनी घडविलेली असते, म्हणून तिला पारंपरिक म्हणणे यथार्थ आहे. परंतु ज्या गीताच्या ध्वनिमुद्रणाचे साल व गायकाचे नाव सापडू शकते, त्यास लोकगीत म्हणून मोकळे होणे हे अज्ञान नव्हे. तो सोयीचा आळस होय. दूरच्या, गरीब आणि काळ्या माणसाच्या बाबतीत तो आळस अधिक सुलभ होतो, हेही सांगितले पाहिजे.

या दृष्टीने पाहू लागले म्हणजे आधीच्या कथांतही दुर्लक्षित राहिलेल्या गोष्टी दिसू लागतात. ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’मधील ते मोहक गिटार-आवर्तन अँडी समर्स यांनी वाजविलेले, परंतु रचनाकार म्हणून नाव एकट्या स्टिंग यांचे. १९९७ साली अमेरिकेतील पफ डॅडी यांनी त्याच आवर्तनावर आपले शोकगीत उभारले, तेव्हाही रचनेची रॉयल्टी स्टिंग यांसच मिळाली. ‘यस्टरडे’च्या रचनेत जॉन लेनन यांचा हात नव्हता, तरी ठरलेल्या प्रघाताप्रमाणे त्यावर दोघांचेही नाव आहे. आणि स्वप्नातील चालीची ती कथा? तिचा चमत्कार आम्हांस स्वप्नात दिसत नाही. जागे झाल्यावर मॅकार्टनी ही चाल कोणाची आहे असे दारोदार विचारीत राहिले, यात तो आहे. लिंडा यांच्या चालीच्या बाबतीत हाच प्रश्न कोणी तितक्या चिकाटीने विचारला असता, तर त्यांच्या मुलींना ४० वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले नसते.

सारांश, जन्मकथेकडून रसिकाने गीताचा अर्थ मागू नये. तो गीतात सापडला तरच खरा. मात्र गीत कोणाचे, याचे उत्तर गीत स्वतः देऊ शकत नाही. ते शोधावेच लागते, आणि शोधण्याची जबाबदारी त्या गीताने आनंद दिलेल्या प्रत्येकावर थोडीथोडी असते. सिंहाचे ते गाणे पुढे कोणा घरी मुले गुणगुणू लागली, तर वडीलमाणसांनी त्यांस सॉलोमन लिंडा हे नाव अवश्य सांगावे.