खेचर म्हणालं म्हणून

जनावरांनी बोलायला आपल्याकडे पूर्वीपासून फारशी हरकत नाही. पंचतंत्रातले कोल्हे राजकारण बोलतात. पैठणला रेडा वेद म्हणाला, तेव्हा ऐकणाऱ्यांनी हात जोडले. 'रेड्याचं बोलणं तुम्हाला कधीपासून ऐकू येतं हो?' असं कुणा वैद्याने विचारल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकेत ही सोय नाही. तिथे जनावर बोललं की ऐकणाऱ्याचं डोकं तपासतात. एवढ्या भांडवलावर युनिव्हर्सल कंपनीने १९५० ते १९५६ मध्ये सात सिनेमे काढले. नायक फ्रान्सिस. जातीने खेचर.

पहिला 'फ्रान्सिस' डेव्हिड स्टर्नच्या कादंबरीवरून काढलेला. जागा ब्रह्मदेश, काळ दुसऱ्या महायुद्धाचा. पीटर स्टर्लिंग नावाचा भाबडा सेकंड लेफ्टनंट शत्रूच्या मुलखात अडकतो आणि सैन्यातलं एक खेचर त्याला सुखरूप परत आणतं. इथवर ठीक. पण वरिष्ठ विचारतात, 'कोणी वाचवलं?' आणि हा सत्यवादी हरिश्चंद्र सांगतो, 'खेचराने. बोलतं ते.' झालं! रवानगी वेड्यांच्या वॉर्डात. तिथे त्याला टोपल्या विणायला बसवतात. बाहेर येतो, तर खेचर त्याला शत्रूची नवी खबर देतं. खबर खरी निघते. शाबासकी मिळते. मग तोच प्रश्न, तेच उत्तर आणि पुन्हा टोपल्या!

खेचर बोलतं यात गंमत आहे असं बहुतेकांना वाटतं. मला नाही वाटत. ती गंमत दहा मिनिटांत शिळी होते. खरी गंमत या माणसाला थाप मारता येत नाही, यात आहे. 'एका गावकऱ्याने सांगितलं' एवढं म्हणाला असता तर सुटला असता बिचारा! आणि फ्रान्सिसला तरी एवढं कळतं कसं? त्याच्या पाठीवर ओझं आहे म्हणून. ओझेवाल्यासमोर कोणी आवाज खाली करीत नाही. साहेबाच्या बदलीची बातमी साहेबाच्या आधी शिपायाला कळते, ती याच रस्त्याने.

शेवटी एक तीन तारेवाला जनरल खेचराला बोलायचा हुकूम करतो. खेचर बोलतं आणि स्टर्लिंग शहाणा ठरतो. खेचर तेच, बोलणंही तेच. फक्त ऐकणाऱ्या कानाचा हुद्दा वाढला. सरकारी खात्यावर इतकी नेमकी टीका मी फार थोड्या गंभीर सिनेमांत पाहिली आहे.

पुढच्या भागांत मात्र ही धार गेली. रेसकोर्सवर फ्रान्सिस घोड्यांकडून टिपा आणतो, वेस्ट पॉइंटच्या लष्करी कॉलेजात स्टर्लिंगची शिकवणी घेतो. म्हणजे सत्य सांगणारा साक्षीदार गेला आणि घरगुती मास्तर आला. पहिले सहा सिनेमे आर्थर लुबिनने दिग्दर्शित केले. हाच गृहस्थ पुढे १९६१ साली टेलिव्हिजनवर 'मिस्टर एड' हा बोलका घोडा घेऊन आला. सवय, दुसरं काय!

वाईट वाटतं ते डोनल्ड ओ'कॉनरचं. १९५२ साली 'सिंगिंग इन द रेन'मध्ये भिंतीवर पळत जाऊन कोलांटी मारणारा हा नाच्या, त्याच वर्षी वेस्ट पॉइंटवर खेचराचे टोमणे ऐकत उभा आहे. उभा राहतो मात्र झकास. ऐकू आलंय आणि नाकारता येत नाही, हा भाव त्याच्यासारखा कुणाला जमला नाही. सहा सिनेमांनंतर तो गेला, दिग्दर्शक गेला, खेचराचा आवाजसुद्धा बदलला. मिकी रूनीला घेऊन काढलेला सातवा भुताटकीचा सिनेमा आहे. तो नाही पाहिलात तरी चालेल.

पडद्यावरचं खेचर मादी होतं. नाव मॉली. म्हणजे आपल्या जुन्या रंगभूमीवर पुरुष लुगडी नेसत, त्याच्या बरोब्बर उलटं. आवाज होता चिल विल्स या नटाचा, खरबरीत आणि कुणाचीही भीड न बाळगणारा. १९५४ च्या 'फ्रान्सिस जॉइन्स द वॅक्स'मध्ये विल्सला एकदाचं सदेह पडद्यावर आणलं. भूमिका जनरलची! त्या सिनेमात खेचर आणि जनरल एकाच गळ्याने बोलतात. डोळे मिटून ऐकलं, तर हुकूम कुठला आणि शेरा कुठला हे ओळखू येईना. मग मी तो तसाच, डोळे मिटून ऐकला.