‘अरुणोदया’नंतरची संध्याकाळ

खानापूर तालुक्यातील नंदगड हे गाव संगोळ्ळी रायण्णाच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. १८३१ च्या जानेवारीत इंग्रजांनी त्याला तेथे फाशी दिले. त्याच वर्षी, जवळच्या बेळगावात, बाबा पदमनजींचा जन्म झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु त्या शेजारी ठेवल्या म्हणजे निष्ठेची कसोटी दोन प्रकारे लागते हे ध्यानात येते. एक कसोटी घटकाभरात संपते; दुसरी वर्षानुवर्षे चालते आणि तिला बहुधा साक्षीदारही नसतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या दुसऱ्या कसोटीला कितपत न्याय दिला, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक होय. बेळगावची मिशनशाळा, मुंबईतील शिक्षण, परमहंस सभेचा सहवास आणि १८५४ मध्ये बेळगावातच घेतलेला बाप्तिस्मा, असा त्यातील मार्ग आहे. बुद्धीला पटलेले सत्य आचरणात आणताना मनाची होणारी ओढाताण त्यांनी नोंदली, हे या ग्रंथाचे बळ. तथापि त्याचे नावच त्याची मर्यादा सांगते. संशय ही रात्र, श्रद्धा ही पहाट. उजाडले की रात्र सरली! परंतु उजाडल्यावर दुपार होते, दिवस कलतो, दिवसभर राबलेला माणूस थकतो. बाप्तिस्म्यानंतर येणाऱ्या या ग्लानीला त्या रूपकात जागा नाही.

ती जागा रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी करून दिली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. आमच्या मते हे श्रद्धा आटल्याचे लक्षण नव्हते. परक्या वळणाच्या धर्मकार्यात कोंडलेल्या श्रद्धेने शोधलेली ती वाट होती. काव्यात ही वाट त्यांना तुकोबांच्या अभंगाने आधीच दाखविली होती. वारकरी परंपरेत भक्त देवाशी भांडतो, रुसतो, आपले रितेपण त्याच्याच दारी मांडतो. म्हणून तेथे शंका ही भक्तीची वैरीण ठरत नाही. टिळकांच्या अभंगांनी हा वारसा मराठी ख्रिस्ती उपासनेत आणला. जे वादाने साधले नाही, ते छंदाने साधले.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’ची रीत आणखी निराळी. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यांची शंका ग्रंथांतून येत नाही. ती सोवळ्याओवळ्यात, पाण्याच्या घोटात उभी राहते आणि अनेकदा स्वतःलाच हसून मोकळी होते. थकल्या मनाला उपदेशापेक्षा सोबत हवी असते, आणि ती हे पुस्तक देते.

टिळक १९१९ मध्ये निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. उरलेला भार लक्ष्मीबाईंनी उचलला. एकाची शक्ती जेथे सरते, तेथून दुसऱ्याने ओवी पुढे न्यावी, हेच आम्हांस ग्लानीवरील खरे उत्तर वाटते. नंदगड-खानापूरच्या वाचकाने ‘अरुणोदय’ आपल्या मुलखाचा ग्रंथ म्हणून अवश्य वाचावा. मात्र दिवस कलू लागला म्हणजे टिळक दांपत्याकडे वळावे.