सैनिकी सिम्युलेशन खेळांतील बिनतारी संवाद : 'आर्मा' मालिकेच्या संदर्भात एक चिकित्सा

संगणकावरील युद्धखेळांचे मूल्यमापन करताना समीक्षकाची नजर प्रथम चित्राकडे जाते. गवत वाऱ्यावर कसे हलते, बंदुकीच्या नळीवर ऊन कसे चमकते, रणगाड्याच्या पोलादावर गोळी आदळल्यास काय होते, यांवरून खेळ किती 'खरा' हे ठरविले जाते. 'सैनिकी सिम्युलेशन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळप्रकाराला मात्र ही फूटपट्टी अपुरी पडते. या खेळांत काहीशे मीटरांवरील शत्रू पडद्यावर दोन-चार ठिपक्यांएवढाच दिसतो. खेळाडूचा बहुतेक वेळ चालण्यात, वाट पाहण्यात आणि ऐकण्यात जातो. त्यामुळे या प्रकारातील वास्तवतेचा शोध कानानेच घ्यावा लागतो. कोण कोणाला, किती अंतरावरून, काय सांगू शकतो आणि मुख्य म्हणजे कोणाला काय ऐकू येत नाही, या प्रश्नांच्या उत्तरांत या खेळांचे युद्धाविषयीचे आकलन दडलेले असते. प्रस्तुत लेखात चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीची 'आर्मा' मालिका आणि तिच्याभोवती खेळाडूंनीच उभारलेली बिनतारी यंत्रणा यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

मालिकेचा उगम २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट : कोल्ड वॉर क्रायसिस' या खेळात आहे. १९८५ सालच्या शीतयुद्धाची कल्पित पार्श्वभूमी, एव्हरॉन आणि माल्डेन यांसारखी कल्पित बेटे आणि संगणकाच्या ताब्यातील सहकारी सैनिक, असे त्याचे स्वरूप होते. हे सैनिक रेडिओवर बोलत. पण त्यांचे बोलणे अखंड नसे. शब्द सुटे सुटे ध्वनिमुद्रित केलेले होते आणि प्रसंगानुसार संगणक ते जोडून वाक्य तयार करी. क्रमांक एका सुरात, दिशा दुसऱ्या सुरात, क्रियापद तिसऱ्याच सुरात. या तुटकपणाची त्या काळी पुष्कळ थट्टा झाली आणि ती अस्थानी होती असे म्हणता येणार नाही. तथापि याच खेळात एक असामान्य कल्पना होती. तुकडीतील सैनिक मारला गेला तरी ती बातमी प्रमुखाला तत्काळ मिळत नसे. पडद्याच्या तळाशी त्याचे चिन्ह तसेच राहत असे. प्रमुखाने खुशाली विचारावी, काही क्षण उत्तर येऊ नये, आणि मग दुसऱ्याच कोणीतरी तो पडल्याचे कळवावे, असा तो क्रम होता. माहिती म्हणजे युद्धभूमीवर कोणीतरी कोणाला तरी सांगितलेली गोष्ट होय, हे तत्त्व त्या ओबडधोबड ध्वनिरचनेतही सांभाळले गेले होते.

पुढे 'आर्मा २' (२००९) आणि 'आर्मा ३' (२०१३) या खेळांत खऱ्या माणसांनी एकत्र खेळण्याला अधिक महत्त्व आले आणि हे तत्त्व काहीसे मागे पडले. मूळ 'आर्मा ३' मध्ये बोलण्यासाठी अनेक चॅनेल आहेत : एक संपूर्ण पक्षासाठी, एक प्रमुखांसाठी, एक तुकडीसाठी, एक वाहनातील सहप्रवाशांसाठी आणि एक जवळच्या माणसाशी थेट बोलण्यासाठी. यांतील शेवटचा अंतराने बांधलेला आहे. पक्षाच्या किंवा तुकडीच्या चॅनेलला अंतर ठाऊकच नाही. ग्रीसच्या लेम्नॉस बेटावरून रचलेले आल्टिस हे या खेळाचे मुख्य बेट सुमारे २७० चौरस किलोमीटरांचे आहे. त्याच्या एका टोकाला पुटपुटलेला शब्द दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येतो. टेकड्या, दऱ्या, इमारती इतक्या तपशिलाने उभ्या करायच्या आणि आवाजाने मात्र त्यांच्यातून भुतासारखे आरपार जायचे, ही विसंगती सहज डोळ्यांत भरत नाही. कारण कानावर पडणाऱ्या गोष्टीची आपल्याला शंका येत नाही. परंतु तिचा परिणाम दूरगामी आहे. अशा जगात टेकडीचा उपयोग फक्त आडोशापुरता आणि टेहळणीपुरता राहतो. संदेशवहनाच्या दृष्टीने सगळा प्रदेश सपाट होतो.

ही उणीव कंपनीबाहेरच्या हौशी प्रोग्रामकारांनी भरून काढली, हे विशेष. 'आर्मा २' च्या काळात सुरू झालेली 'अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट रेडिओ एन्व्हायर्नमेंट', म्हणजे खेळाडूंच्या बोलीतील 'एकर', आणि 'आर्मा ३' साठी आलेली 'टास्क फोर्स अ‍ॅरोहेड रेडिओ' या दोन जोड-यंत्रणा 'टीमस्पीक' या स्वतंत्र संभाषण-प्रोग्रामाला खेळाशी जोडतात. त्यानंतर खेळाडूचा आवाज त्याच्या हातातील संचाच्या मर्यादेत राहतो. 'एकर' मध्ये तुकडीतील प्रत्येकाच्या खांद्यावरचा लहान संच साधारण अर्धा किलोमीटरपर्यंत पोहोचतो. ५ वॅटचा हातातील संच त्याहून दूर जातो. २० वॅटचा पाठीवरचा संच आणखी दूर. पण पाठीवरचा संच जड असल्याने तो वाहणारा खेळाडू लवकर दमतो. मध्ये टेकडी आली की आवाज खरखरतो, अक्षरे गळतात आणि शेवटी नुसता कोलाहल उरतो. बटण दाबून बोलत असताना त्याच संचावर दुसऱ्याचे ऐकू येत नाही. रेडिओशिवायचे साधे बोलणेही अंतराप्रमाणे विरते आणि खेळ रचणाऱ्याने तशी योजना केली असेल तर ते संगणकाच्या ताब्यातील शत्रूच्याही कानी पडते.

या यंत्रणांनी खेळात नेमके काय आणले? 'अधिक खरेपणा' हे उत्तर खेळाडू नेहमी देतात. पण ते उत्तर पुरेसे नाही. खरखर हा केवळ अलंकार असता तर तो चार दिवसांत कंटाळवाणा झाला असता. या यंत्रणांमुळे बदलते ती आज्ञेची रचना. प्लाटूनप्रमुखाचा आवाज खोऱ्यापलीकडच्या तुकडीपर्यंत पोहोचत नसेल, तर त्याला तीनच मार्ग उरतात : उंचावर जावे, मध्ये कोणाला तरी निरोप्या म्हणून उभे करावे, किंवा निघण्यापूर्वीच तुकडीप्रमुखाला इतके स्पष्ट सांगून ठेवावे की पुढे विचारण्याची गरज पडू नये. पहिल्या मार्गात जीव धोक्यात येतो, दुसऱ्यात एक बंदूक कमी होते, तिसऱ्यात अधिकार सोडावा लागतो. मूळ खेळात यांपैकी कोणताच प्रश्न उद्भवत नाही.

या बाबतीत इतिहासाचा दाखला बोलका आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधील आर्न्हेम येथे उतरलेल्या ब्रिटिश पहिल्या हवाई डिव्हिजनचे बिनतारी संच झाडीत आणि वस्तीत निकामी ठरू लागले. पुढे काय चालले आहे हे कळेना, तेव्हा डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल रॉय अर्क्वर्ट स्वतःच पुढे गेले, शत्रूच्या वेढ्यात सापडले आणि एका घराच्या माळ्यावर लपून राहिले. १९ तारखेच्या सकाळी ते मुख्यालयात परतले तोवर त्यांच्या मागे नेतृत्व कोणी करावे यावरून दोन ब्रिगेडियरांत वाद होऊन गेला होता. रेडिओ बंद पडला म्हणून सेनापती चालू लागला आणि सेनापती चालू लागला म्हणून सेनेचे डोके हरवले. 'एकर' वापरून खेळणाऱ्या गटांत हाच प्रसंग लहान प्रमाणावर पुन्हा पुन्हा घडतो : उत्तर येत नाही म्हणून प्रमुख टेकडीवर चढतो आणि तेथेच मारला जातो. हा प्रसंग कोणी लिहून ठेवलेला नसतो. तो जमिनीच्या उंचसखलपणातून आणि माणसाच्या अस्वस्थतेतून आपोआप घडतो, आणि म्हणूनच कोणत्याही पूर्वरचित कथानकापेक्षा अधिक प्रभावी ठरतो.

दुसरे उदाहरण मृत्यूचे. 'एकर' मध्ये मारला गेलेला खेळाडू प्रेक्षक होतो. प्रेक्षक झालेल्यांना एकमेकांशी बोलता येते, जिवंतांचे बोलणे ऐकू येते. जिवंतांना मात्र त्यांचे काहीही ऐकू येत नाही. बाजूला कोणी पाहणारे नसेल, तर सहकारी मेल्याची खूण एकच : त्याचे उत्तर येत नाही. आजचे बहुसंख्य युद्धखेळ कोणी कोणाला मारले हे पडद्याच्या कोपऱ्यात ताबडतोब छापतात. तेथे मृत्यू म्हणजे गुणफलकातील एक ओळ. येथे तो एक न सुटलेली शंका म्हणून काही मिनिटे टिकतो. २००१ सालच्या त्या तुटक आवाजांच्या खेळात जे बीज होते, ते येथे माणसांच्या आवाजात रुजलेले दिसते.

कानांच्या विभागणीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दोन संच बाळगणारा तुकडीप्रमुख एक संच डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात लावू शकतो : एकीकडे आपली माणसे, दुसरीकडे वरिष्ठ. जवळ उभ्या असलेल्यांचे साधे बोलणे तिसरे. 'खालच्यांचे ऐकायचे की वरच्यांचे' हा मधल्या अधिकाऱ्याचा सनातन पेच येथे अक्षरशः दोन कानांत येऊन बसतो.

मात्र या यंत्रणांची भाषाविषयक कल्पना तोकडी आहे. 'एकर' मधील 'बेबेल' या सोयीने प्रत्येक पात्राला काही भाषा नेमून देता येतात. ती भाषा न येणाऱ्याला बोलणे अर्थहीन ध्वनी म्हणून ऐकू येते. दुभाष्याची भूमिका यामुळे शक्य होते, हे तिचे श्रेय. परंतु या जगात भाषा एकतर पूर्ण येते किंवा मुळीच येत नाही. अर्धवट समजलेले वाक्य, ओळखीचा वाटून फसवणारा शब्द, सुरावरून लावलेला अंदाज यांना तेथे जागा नाही. ज्या समाजात माणूस बाजारात, रेल्वेत आणि कचेरीत रोज तीन-चार भाषा कमीअधिक समजून घेत जगतो, तेथील वाचकाला ही कल्पना कृत्रिम वाटणे स्वाभाविक आहे. टेकडीमुळे अर्धे ऐकू येणे जिने इतक्या बारकाईने साधले, त्या यंत्रणेला भाषेमुळे अर्धे समजणे साधू नये, हे खटकते.

संभाषणाच्या शिष्टाचाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आधी समोरच्याचे संकेतनाम, मग स्वतःचे. वाक्य संपले की 'ओव्हर', संभाषण संपले की 'आउट'. पुन्हा सांगा म्हणायचे असेल तर 'से अगेन', कारण तोफखान्याच्या परिभाषेत 'रिपीट' म्हणजे तोच मारा पुन्हा करा. ही परिभाषा खेळाडू मोठ्या हौसेने आत्मसात करतात. (चित्रपटांतील 'ओव्हर अँड आउट' ऐकून हे खेळाडू हसतात ते त्यामुळेच, उत्तराची वाट पाहतो आणि संभाषण संपवतो, असे एकाच दमात म्हणता येत नाही.) शिस्तीचा हा आनंद खोटा नाही. चाळीस अनोळखी माणसांनी एका चॅनेलवर एकमेकांना वाट देत बोलणे ही सहकार्याची उत्तम तालीम आहे. परंतु जी भाषा संक्षेपासाठी घडविली गेली, ती जे संक्षेपात बसत नाही ते वगळतेही. गावात माणसे आहेत की नाहीत हा प्रश्न संदेशात आठ अंकी स्थाननिर्देशापुढे मागे पडतो. खेळाच्या बेटांवरील गावे बहुधा रिकामीच असल्याने हा वगळलेला प्रश्न परत येऊन कोणाला गाठत नाही. हीच तंत्रपरंपरा 'व्हर्च्युअल बॅटलस्पेस' या नावाने अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या सैन्यांच्या प्रशिक्षणात गेली. ती तयार करणारी बोहेमिया इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन्स ही कंपनी २०२२ साली बीएई सिस्टिम्स या शस्त्रनिर्मात्या उद्योगाने विकत घेतली. तेव्हा ही भाषा केवळ खेळापुरती आहे, असे म्हणून सुटका होत नाही.

तुलनेसाठी 'स्क्वॉड' (२०२०) हा खेळ पाहता येईल. त्यात नऊ जणांची तुकडी, जवळचे बोलणे, तुकडीचे बोलणे आणि प्रमुखांचे बोलणे असे तीन स्तर आहेत. तुकडीचा आवाज कितीही अंतरावरून स्वच्छ येतो. गंमत अशी की, या खेळात 'रेडिओ' नावाची वस्तू आहे. ती जमिनीवर मांडून तळ उभारता येतो, तेथून मेलेले खेळाडू पुन्हा मैदानात उतरतात आणि शत्रू ती शोधून उद्ध्वस्त करतो. म्हणजे आवाजाला रेडिओ लागत नाही आणि रेडिओतून आवाज जात नाही. खेळ म्हणून 'स्क्वॉड' अधिक सुटसुटीत आहे, नवख्याला सामावून घेणारा आहे. पण संवादाची किंमत त्यात कोणालाच मोजावी लागत नाही. खुद्द बोहेमियाने 'आर्मा रिफॉर्जर' मध्ये (प्राथमिक आवृत्ती २०२२, पूर्ण २०२३) रेडिओचे संच आणि त्यांच्या वारंवारता मूळ खेळातच आणल्या. १९८९ सालच्या एव्हरॉन बेटावर तळ जिंकत जाताना पुढचा तळ रेडिओच्या टप्प्यात असावा लागतो. हौशी मंडळींनी मांडलेला विचार अखेर घरी परतला, असेच म्हणावे लागते.

या सर्व यंत्रणा गृहीत धरतात की, बोलणारा खरे बोलतो आणि ऐकणारा ऐकले असेल तर मानतो. पण संच निकामी होऊ शकतो ही शक्यता एकदा मान्य केली की तिच्याबरोबर आणखी एक शक्यता खेळात शिरते. तुकडीप्रमुखाला उघड्या शेतातून पुढे जाण्याची आज्ञा स्पष्ट ऐकू आली, आणि त्याने उत्तर दिले नाही. नंतर तो म्हणाला की टेकडीआड होतो, काही कळले नाही. हे खोटे ठरविण्याचे साधन कोणापाशीच नसते. मूळ 'आर्मा ३' च्या निर्दोष चॅनेलवर असा नकार शक्य नाही. तेथे गप्प राहणे म्हणजे उघड अवज्ञा. खरखरीच्या आडोशाने येथे कनिष्ठाला विचार करण्यापुरती जागा मिळते. आणि पलीकडे संच कानाला लावून बसलेल्या प्रमुखाला, ही शांतता टेकडीची, मरणाची की नकाराची, हे ठरवूनच पुढची आज्ञा द्यावी लागते.