सपाट दिसतंय

जिजाऊ जयंती होऊन चार-पाच दिवस झाले होते. सिंदखेड राजात मांडवाचे बांबू अजून रस्त्याकडेला पडलेले. मी गावी, म्हणजे साखरखेर्ड्याला, फील्डवर्कसाठी आले होते. पुण्यातल्या मित्राचा फोन आला : ओळखीचे लोक एका ऐतिहासिक चित्रपटासाठी लोकेशन बघायला तुमच्याकडे येतायत, तू आहेसच तर दोन दिवस फिरव त्यांना.

मी फिरवलं. या वेळचा लेख त्या दोन दिवसांबद्दल आहे आणि थोडा माझ्या पीएचडीबद्दलही. दोन्ही गोष्टी एकमेकांत इतक्या अडकतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

चित्रपटवाले याला 'रेकी' म्हणतात. शब्द मुळात फौजेचा. सैन्य पुढं सरकण्याआधी चार माणसं जाऊन रान बघून येतात, पाणी कुठं, उतार कुठं, शत्रू कुठून दिसेल, ती रेकी. सिनेमात आल्यावर त्याचा अर्थ 'फ्रेममध्ये काय चांगलं दिसेल' एवढाच उरलाय, असं मला त्या दोन दिवसांत वाटलं. तुम्ही म्हणाल, सिनेमाच तो, दिसण्याचाच धंदा आहे. खरंय. पण थांबा जरा.

त्यांच्या टॅबवर 'रेफरन्स' म्हणून फोटो होते. नदी, घाट, चिरेबंदी वाडा, मागं हिरवा डोंगर. मी बघताक्षणी म्हटलं, "हे वाई आहे." ते हसले. लखुजी जाधवांचा राजवाडा त्यांना आवडला, पण समोरचा रस्ता नको होता. मोती तलाव आवडला, पण विजेच्या तारा नको होत्या. लोणारचं विवर 'फार ओळखीचं' निघालं. दुसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याच्या शिवारात उभं राहून मी त्यांना १७२४ ची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी मन लावून ऐकली. मग त्यांच्यातला एकजण चौफेर नजर फिरवून म्हणाला, "स्टोरी ग्रेट आहे, पण सपाट दिसतंय."

ती गोष्ट आधी तुम्हालाही सांगते, कारण आमच्या भागातल्याही कितीतरी जणांना ती माहीत नसते. निजाम-उल-मुल्क दिल्लीतली वजिरी सोडून दख्खनकडे परत फिरला होता. बादशहा मुहम्मदशहानं त्याला आवरायला हैदराबादच्या मुबारिझखानाला पुढं केलं. ११ ऑक्टोबर १७२४ ला दोघांची गाठ साखरखेर्ड्याला पडली. मुबारिझखान मारला गेला, निजाम जिंकला, आणि पुढं १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या राज्याचा पाया इथं पडला. गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं गेलं. ते कागदावर बराच काळ राहिलं, लोकांच्या तोंडी मात्र साखरच राहिली. मराठी साधनांनुसार पहिला बाजीराव या लढाईत निजामाच्या बाजूनं होता. आणि चारच वर्षांनी, फेब्रुवारी १७२८ मध्ये, पालखेडला त्यानं याच निजामाचं पाणी तोडून त्याला कोंडीत पकडलं. आता मला सांगा, यात सिनेमा नाही?

असो. तक्रार अशी नाही की आमच्या गावात शूटिंग झालं नाही. झालं असतं तर चार दिवस धुरळा आणि जेवणाच्या पंगती, यापलीकडे गावाला काय मिळालं असतं कोण जाणे. माझी तक्रार 'सपाट दिसतंय' या वाक्यावर आहे.

वाईचं उदाहरण घेऊ. 'गंगाजल'मध्ये वाई-साताऱ्याचा परिसर बिहार झाला, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश, 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये तर तमिळनाडूचं खेडं. कारणं साधी आहेत. मुंबईहून दोन-अडीचशे किलोमीटर, राहायला हॉटेलं, कामाची सवय असलेले स्थानिक लोक, गर्दीच्या सीनसाठी माणसं. आमचा भाग मुंबईहून चारशे किलोमीटरच्या पुढं. समृद्धी महामार्गामुळे आता ते अंतर बोचत नाही, पण एकदा लागलेली सवय रस्ता झाल्यावर लगेच सुटत नाही. यात मला फसवणूक वगैरे काही दिसत नाही. 'शोले'चं रामगड कर्नाटकातल्या रामनगरच्या ग्रॅनाइटसारख्या खडकांवर उभं राहिलं आणि आपण सगळ्यांनी ते मान्य केलं. (भूशास्त्र शिकलेल्या माणसाबरोबर सिनेमा बघू नका. आम्ही नायकाऐवजी खडक बघतो.)

एक जागा दुसऱ्या जागेचं सोंग घेऊ शकते, पण कधी? 'स्वदेस' आठवा. गाव चरणपूर, नावाला उत्तर प्रदेशात, प्रत्यक्षात वाईजवळचं मेणवली. कथेत नायक डोंगरातल्या झऱ्यावर वीज तयार करतो. अशा विजेला दोनच गोष्टी लागतात : पाण्याचा प्रवाह आणि ते खाली पडायला उंची. गंगेच्या मैदानात ही उंची आणणार कुठून? सह्याद्रीच्या कुशीत ती आहे. म्हणजे गावाचं नाव खोटं, पण कथेला जमिनीकडून जे हवं होतं ते तिथल्या जमिनीत होतं. म्हणून तो चित्रपट मला आजही खोटा वाटत नाही.

आता उलटं उदाहरण, पार आयर्लंडमधलं. तिथली काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. 'ब्रेव्हहार्ट' (१९९५) हा स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसवरचा चित्रपट, पण त्याचं मोठं चित्रीकरण आयर्लंडमध्ये झालं. मीथ काउंटीतला ट्रिमचा किल्ला इंग्लंडमधलं यॉर्क शहर बनला. ते ठीक, भिंत ती भिंत. पण १२९७ ची स्टर्लिंगची लढाई त्यांनी किल्डेअर काउंटीतल्या मोकळ्या माळावर घेतली. इतिहासात ही लढाई अरुंद पुलावरची आहे. इंग्रजांचे घोडेस्वार दोन-दोन करून पूल ओलांडत होते, फौजेचा काही भाग पलीकडे जाऊ दिला आणि मग स्कॉटांनी हल्ला केला. थोड्या लोकांनी मोठ्या फौजेला हरवलं ते या पुलामुळे. सिनेमात पूलच नाही! मग जिंकले का? तर शूर होते म्हणून, भाषण जोरदार झालं म्हणून. खिंड वगळून पावनखिंडीचा सिनेमा काढावा, तसं हे झालं.

दृश्य मात्र भव्य आहे, हे मान्यच करायला हवं. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. म्हणूनच हे उदाहरण मला जास्त खुपतं. जागा चुकली तर लोकांना कळेल, असं काही नसतं. लोकांना कळत नाही. फक्त गोष्टीतलं 'का' गळून पडतं आणि त्या जागी माणसाचा पराक्रम येऊन बसतो. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांतही स्लो मोशनमधली तलवार पुष्कळ असते. ओढा, चिखल, चढ, तहान कमी असते. पालखेड पाण्यामुळे जिंकलं गेलं, हे पडद्यावर दाखवायला आधी पाणी कुठं होतं आणि कुठं नव्हतं ते दिसायला हवं. ते काम रेकीचं आहे, कॅमेऱ्याचं नंतर.

इथं माझं संशोधन येतं. दख्खनच्या पठारावरचे जुने रस्ते आणि मुक्काम जमिनीच्या घडणीवरून शोधता येतात का, हा माझा विषय. संगणकावर उंचीचा नकाशा घ्यायचा, बैलगाडीला किंवा फौजेला कुठला चढ परवडेल ते मोजायचं, आणि एखाद्या जागी उभ्या माणसाला कुठपर्यंत दिसेल ते काढायचं. या शेवटच्या कामाला मी 'नजरेचा नकाशा' म्हणते. घोडेस्वाराचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर धरले, की कुठलं रान त्याला दिसतं आणि कुठलं झाकलेलं राहतं ते रंगात येतं.

रेकीवाले गेल्यावर त्याच रात्री मी चिडून साखरखेर्ड्याचा नजरेचा नकाशा काढला. सपाट म्हणतात म्हणजे काय! आणि नकाशात शिवार कसं आलं असेल? जवळजवळ सपाट. एका जागेवरून दूरवर सगळं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी तो नकाशा मोबाईलवर काकांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "नाला कुठं हाय यात?"

नाला नव्हता. मी वापरलेल्या नकाशाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा तीस मीटर बाय तीस मीटरचा चौकोन, त्या सगळ्याला मिळून उंची एकच. आठ-दहा मीटर रुंद आणि पुरुषभर खोल नाला त्यात विरघळून जातो. शिवाय उंचीत सोळा मीटरपर्यंतची चूक त्या मोजणीत नियमानुसारच चालते. घोडा अडवायला मात्र पुरुषभर नाला पुरतो.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. "लढाई कव्हाची म्हंतेस?"

"ऑक्टोबरची."

"मंग पोरी, ज्वारी कुठं गेली?"

मला क्षणभर कळेचना. आज आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी चालते. मांडीएवढं पीक, त्यावरून लांबवर नजर जाते. पण सोयाबीन इथं आलं गेल्या तीस-चाळीस वर्षांत. त्याआधी या जमिनीवर कापूस आणि ज्वारी. जुनी गावरान ज्वारी दहा-दहा फूट वाढायची आणि ऑक्टोबरात ती कणसं घेऊन उभी असते. जिथं असं शेत असेल तिथं पायदळ सोडाच, घोडेस्वारही दिसणार नाही. हत्तीवरचा सरदार तेवढा दिसेल. आणि खाली काळी जमीन. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळा नुकताच सरलेला असला की ती कशी चिकटते, हे आमच्याकडच्या कुठल्याही चपलेला विचारा.

मग मी माझ्या नकाशाची जन्मतारीख बघितली. मी वापरलेली उंचीची मोजणी अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारनं झाली, फेब्रुवारी २००० मध्ये, अकरा दिवसांत. फेब्रुवारी! खरिपाची ज्वारी कधीच खळ्यावर गेलेली, जमीन वाळलेली. म्हणजे मी ऑक्टोबरातली लढाई फेब्रुवारीच्या शेतात बघत होते. रेकीवाले जानेवारीत आले, त्यांना सपाट दिसलं. मला संगणकावर सपाट दिसलं. आणि दोघांनाही आपण जागा बघितली असं वाटत होतं. ते वाईचे फोटो घेऊन आले होते, मी तीस मीटरचे ठिपके. फरक एवढाच की त्यांचं काम दोन तास लोकांना गुंतवून ठेवणं होतं, आणि मी प्रबंधात 'येथून शत्रूच्या हालचाली स्पष्ट दिसल्या असाव्यात' असं लिहायच्या बेतात होते. दुसऱ्या एका मुक्कामाबद्दल लिहूनही झालं होतं. ते वाक्य आता खोडलंय आणि त्याबरोबर प्रकरणाची सोळा पानं परत लिहायला घेतलीयेत. मार्गदर्शकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं, परीक्षकांच्या आधी काकांनी पकडलं."

असं काम सिनेमात कोणी करतं का? करतात. 'तुंबाड'मधला पाऊस बघा. खऱ्या पावसासाठी ती मंडळी एकाहून जास्त पावसाळे थांबली. त्या चित्रपटात ओल भिंतीतून माणसाच्या हावेत झिरपल्यासारखी वाटते, ती उगाच नाही. 'सैराट'मध्ये करमाळ्याची शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे, उसाचे फड आहेत, केळीची बाग आहे. कोणाची जमीन, कोणाचं पाणी, कोण कोणाच्या विहिरीत उडी मारतो, हे सगळं त्या जागेतूनच कळत जातं, कोणाला संवादातून सांगावं लागत नाही. दिग्दर्शक त्याच तालुक्यातला, त्याला रेकी करावी लागली नसेल. ती लहानपणीच झालेली.

शिवकालावरच्या अलीकडच्या मराठी चित्रपटांत जिजाऊ राजगडावर दिसतात. कथा तिथल्या, त्यामुळे त्यात चूक काही नाही. पण जिथं त्या जन्मल्या, त्या सिंदखेडचं कोरडं पठार, तलाव आणि बारव पडद्यावर आले, तर हिरव्या डोंगराबाहेरही एक महाराष्ट्र होता हे पोरांना कळेल. पाणी साठवायला तलाव का बांधावे लागले, हा प्रश्न हिरव्या फ्रेममध्ये पडतच नाही.

त्या लोकांचा मार्चमध्ये मेसेज आला. सौजन्यानं लिहिलं होतं : तुमच्याकडचा भाग फार आवडला, पण या वेळी पश्चिमेकडेच शूट करतोय, एप्रिलमध्ये. लढाईचा सीन आहे, धूळ छान उडते म्हणे उन्हाळ्यात. मी शुभेच्छा दिल्या. खरोखर दिल्या.

माझा पुढचा फील्डवर्क आता ऑक्टोबरात. नाल्यांची खोली टेप लावून मोजायची आहे, आणि नजर कुठं अडते ते घोड्याऐवजी ट्रॅक्टरवर उभं राहून तपासायचं आहे. काकांना म्हटलं, नाल्याच्या धुऱ्याला लागून अर्धा एकर गावरान ज्वारी पेराल का या खरिपात? बी आणून देते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेरतो. पन पाखरं तू राखजो, अन् रोही आले त रातच्याला बी तूच उठजो."

गोफण शोधायला घेतलीये.