फिरतीवरचा संसार

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) या ग्रंथाची गणना आपण आत्मचरित्रांत करतो. प्रवासवाङ्मयाच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते. वास्तविक शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली न्यायमूर्ती पुणे-सातारा भागात फिरत, तेव्हा रमाबाईही बरोबर असत. या फिरतीच्या हकिकतींत निसर्गवर्णन थोडे, हा आक्षेप खरा आहे. सह्याद्रीच्या डोंगरांवर त्यांनी विशेषणे उधळलेली नाहीत. परंतु ज्या वाचनापायी पुण्याच्या घरी वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे सोसावे लागत, ते मुक्कामावर निर्वेध चाले. डोंगर पाहण्यास सवड नव्हती असे नव्हे. पाहण्यासारखे दुसरेच काही गवसले होते. पुढे 1886 मध्ये सरकारी समितीवर नेमणूक झाल्यावर कलकत्त्यास राहणे झाले. तेथे उभयतांनी बंगालीचा अभ्यास मांडला. नई सडकेसारख्या वस्तीत हिंदीच्या शेजारी मराठी जपणाऱ्या आम्हा ग्वाल्हेरकरांना तो भाग विशेष जवळचा वाटावा.

पतीचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. कित्येकांना त्यात केवळ जुन्या काळचा संकोच दिसतो. मला तसे वाटत नाही. घरच्या प्रसंगांत हा शब्द अंतर राखतो. प्रवासाच्या प्रसंगांत मात्र तोच शब्द सलगीने उच्चारल्यासारखा ऐकू येतो.